भिंग का पडतं

६ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,

आशीर्वाद पाठवतो आहे. नको असतील तर दाराशीच ठेव. नासणारी वस्तू नाही.

मामा फोन सोडून पत्र का लिहायला लागला, असा प्रश्न तुला पडेल. फोनवर तू "बोल" म्हणतेस, आणि ते "बोल" असं येतं की भल्याभल्यांची वाचा बसावी. पत्राला मध्येच कोणी "मुद्द्यावर ये" म्हणत नाही. मुद्द्यावर न येणं हा माझा पेशाच आहे. एका श्लोकावर तास काढणाऱ्या माणसाला मुद्द्याची घाई नसते.

शिवाय तू जाताना घातलेला नियम मला तोंडपाठ आहे. "यापुढे आईबद्दल मला काहीही सांगू नका, म्हणजे खोटं सांगायचे कष्ट वाचतील." तिकडे तुझ्या आईनेही परवा मला बजावलं, "पोरीला काही कळवायचं नाही हं." तुम्हा मायलेकींचं एकमत झालेला हा बहुधा एकमेव विषय, तो मी कसा मोडू? म्हणून आईबद्दल मी लिहिणार नाही. मी एका भिंगाबद्दल लिहिणार आहे. काय कळवायचं नाही, हेही ताईने सांगितलेलं नाही, कारण तिच्या मते काही झालेलंच नाही.

तर भिंग. कॉलेज सुटलं की मी संध्याकाळी दुकानात जाऊन बसतो, तुला ठाऊक आहेच. ताई घड्याळं उघडते, मी वह्या तपासतो, आणि दोघंही दुसऱ्याच्या चुका काढून पोट भरतो. उजव्या डोळ्यात भिंग धरायचं, भुवईने वरून आणि गालाने खालून चिमटीत पकडायचं, हे ती परकरात असल्यापासून करते आहे. भिंग डोळ्यात तसंच ठेवून ती जेवली आहे, टपालवाल्याशी भांडली आहे, मला माझ्या लग्नाबद्दल चार शब्द सुनावून मोकळी झाली आहे. ते कधी पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता पडतं. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या उघड्या घड्याळात पडलं. ताईने भिंगाला दोष दिला आणि नवं आणलं. तेही पडलं, तेव्हा हल्ली भिंगंसुद्धा पूर्वीसारखी करत नाहीत असं ठरलं. मग घामावर आळ आला. शेजारचा किल्लीवाला म्हणाला, "ताई, डोक्याला तार लावून बसवायची भिंगं मिळतात." तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली, जशी तालमीतल्या पहिलवानाने काठी घेऊन चाल म्हणणाऱ्याकडे टाकावी. तो बिचारा पुढे म्हणाला, "आणि हल्ली तुम्ही एक डोळा बारीक करून बघता. मला वाटतं, माझं काही चुकलं."

तू दिवसभर भिंग लावून परक्यांचे दात घडवतेस. तेव्हा जाणकार म्हणून विचारतो: धडधाकट भिंग डोळ्यातून का पडावं? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

तुझा (मुद्द्यावर न आलेला)
मामा


१९ फेब्रुवारी

चि. भाचीबाई,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणणं ही माझी उदारता. कार्डावर एकच ओळ: "भिंग तेच राहतं, खोबण बदलते. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा." इतकं कमी शब्दांत इतकं म्हणणाऱ्याला आमच्यात सूत्रकार म्हणतात, आणि मग त्यावर भाष्य करणाऱ्या माझ्यासारख्यांची सोय होते.

मी ताईला म्हणालो, "एका जाणकार व्यक्तीचं मत पडलं, डॉक्टरांना दाखवावं."

"कोण जाणकार?"

"दातांशी संबंधित."

तिने चिमटा खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाला कुलूप लावून माझ्यासोबत निघाली. तुझा शब्द तिला अजून चालतो. हे मी सांगितलं असं तिला सांगू नकोस.

डोळ्यांची डॉक्टर तरुण आहे, तुझ्याच वयाची असेल. तिने ताईच्या दोन्ही डोळ्यांच्या कडांना टेकवून एक आरशांची पट्टी धरली आणि डोळे किती पुढे आहेत ते मोजलं. उजवा डोळा आत गेला आहे. दिसतं तितकंच, पण डोळा मागे सरकलाय, पापणी खाली उतरलीय, आणि खाली बघायला सांगितलं की तो नाराज शिपायासारखा हळूहळू वळतो. डॉक्टर म्हणाली, "मागे काही वाढत असेल तर डोळा पुढे येतो. तुमचा आत चाललाय. हे नेहमीचं नाही." मग कागद पुढे ओढून विचारलं, "पूर्वी काही मोठं आजारपण?"

"नाही," ताई म्हणाली.

मी भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता वाचायला लागलो. सगळ्यात खालची ओळसुद्धा स्पष्ट दिसली.

नऊ वर्षांपूर्वी तिचा डावा स्तन काढला, तेव्हा ती घड्याळाच्या कारखान्यात शिकायला गेली आहे असं तुला कळवलं होतं. मलाही तेच कळवलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होतो आणि घड्याळवालीला या वयात काय शिकवतात, असा विचार करत होतो. तुला ते दीड वर्षाने किल्लीवाल्याच्या तोंडून कळलं. त्याने आपुलकीने विचारलं होतं, ऑपरेशननंतर आई बरी आहे ना. तू त्यावर काय बोललीस आणि कशी निघून गेलीस, ते तो बिचारा अजून विसरलेला नाही. ताईचं उत्तर मात्र तेव्हाही एकच होतं, आजही तेच आहे: "घड्याळ उघडं असताना गिऱ्हाइकाला आत बोलवत नाहीत. मिटल्यावर दाखवतात."

तर ती "नाही" म्हणाली आणि आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो तर कुलूप. ती दुपारी आली, पिशवी टांगली, स्टुलावर बसली.

"कुठे गेली होतीस?"

"डॉक्टरणीकडे. सांगून आले सगळं. जुने कागदही देऊन आले."

मग तीच म्हणाली, "अरे शास्त्रीबुवा, गिऱ्हाईक येतं, घड्याळ पाण्यात पडलं होतं हे लपवतं, आणि मी उगाच सगळे भाग सोडवत बसते. असल्या माणसाचा मला किती संताप येतो. काल खुर्चीत बसून मी तेच केलं. रात्रभर स्वतःचाच राग आला."

साठी ओलांडलेली बाई, डॉक्टरकडे एकटी परत जाऊन "काल मी खोटं बोलले" असं सांगून येते. मी इतकी वर्षं सत्यावरचे पाठ घेतो आहे, पण कालचं खोटं आज जाऊन दुरुस्त करण्याचा मला आळस आहे.

आता डोळ्यामागचा फोटो काढणार आहेत. तूर्त एवढंच. हे मी तुला कळवलेलं नाही.

मामा


८ मार्च

चि. भाचीबाई,

या वेळी थट्टा थोडी कमी करतो. अगदी बंद केली तर तू घाबरशील.

तोच आजार आहे, छातीतलाच. पापणीच्या घडीतून बारीकसा तुकडा काढला, तपासला, जुन्या तुकड्याशी ताडून पाहिला. आजार इतकी वर्षं कुठेतरी गप्प बसून होता, आणि मग उजव्या डोळ्यामागच्या स्नायूंत जाऊन बसला.

कर्करोगाचे डॉक्टर जाडजूड, सावकाश बोलणारे आहेत. ताईने त्यांची उलटतपासणी घेतली ती तू ऐकायला हवी होतीस.

"हा नेहमी कुठे जातो?"

"हाडांत, यकृतात, फुप्फुसांत, मेंदूत."

"मग माझा डोळ्यामागे कशाला आला?"

"तुमच्या गाठीचा जो प्रकार होता ना, त्याला आडवाटांची हौस असते. त्याच्या पेशी गोळा करून बसत नाहीत, एकामागून एक अशा रांगेत सरकतात. म्हणून कुठेही शिरतात. माझ्याकडच्या एका बाईंच्या जठरात गेला होता, वर्षभर पित्ताची औषधं चालली. दुसऱ्या एकीला तहान भागेना, दिवसभर पाणी पीत राहायच्या. मेंदूखालच्या ग्रंथीत निघाला."

"आणि डोळा पुढे का नाही ढकलला?"

"हा भरत नाही, आवळतो. जखमेचा व्रण आक्रसतो तसा. मागून ओढून घेतो."

ताई म्हणाली, "म्हणजे स्प्रिंगला गंज लागून ती आखडली."

"असं म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मला वाटतं ते आता पुढच्या रुग्णांना असंच सांगणार.

मग तिने विचारलं ते मात्र मी अपेक्षिलं नव्हतं. किती दिवस, हे नाही. "हा डोळा कामाला परत मिळेल का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, आजार मुळासकट जाणार नाही. गोळ्यांनी आवरता येतो, डोळ्यामागे किरणांचे शेक देता येतात. दृष्टी टिकावी म्हणून सगळं करू. पण आक्रसलेलं सैल होईलच असं नाही. वर्षं मिळतात बऱ्याच जणींना. तुम्हाला किती, ते माहीत नाही.

बाहेर आल्यावर मी आपला जिन्याच्या कठड्याला धरून उभा. ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, "बरा माणूस आहे. माहीत नाही म्हणतो."

आता तुझ्या कार्डाकडे येतो. या खेपेस तीन ओळी लिहिल्यास, प्रगती आहे. "आईने स्वतः सांगितलं तर मी येईन. तुझ्याकडून कळलं म्हणून येणार नाही. पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून कळलेली मुलगी मला व्हायचं नाही." वाचलं, पटलंही. त्यात तुझा हट्ट किती आणि न्याय किती हे वेगळं काढता येत नाही, पण ते तुझ्या आईच्या बाबतीतही कधी काढता आलेलं नाही.

मी तिला आडून विचारलं, "पोरीला सांगणार नाहीस?"

"सांगून ती काय करणार? तिकडे तिच्या हातात कोणाचा तरी दात असेल. हात थरथरेल."

"आणि नंतर कळलं तर?"

त्यावर तिने घड्याळाचं झाकण इतक्या जोरात मिटलं की मी वह्या आवरल्या.

तर परिस्थिती अशी. तू तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय येणार नाहीस, ती स्वतःच्या तोंडाने सांगणार नाही. डॉक्टर वर्षं म्हणतात, पण किती ते म्हणत नाहीत. मला काळजी तिच्या डोळ्याची आहेच. पण खरं सांगू, या दुसऱ्या गोष्टीची जास्त आहे. त्या नाराज शिपायाला औषध तरी आहे.

मामा


३० मार्च

चि. भाचीबाई,

शेक झाले. चेहऱ्याच्या मापाचा एक जाळीदार मुखवटा करतात, तो टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. पहिल्या दिवशी आतून आवाज आला, "याची कड नीट घासलेली नाही." तंत्रज्ञाने निमूट कड घासून दिली. आता तिथले सगळे तिला आपापली घड्याळं दाखवतात आणि ती मुखवट्यात जाण्याआधी निदान सांगते.

गोळ्या लागू पडताहेत असं रक्त सांगतं. आजार पुढे सरकलेला नाही. मात्र डोळा जिथे गेला तिथेच राहिला. त्यात दिसतं, पण दोन्ही डोळ्यांनी खाली पाहिलं की प्रत्येक वस्तू दुहेरी. ती म्हणाली, "सेकंदकाटे दोन दिसतात. एक खरा, एक तुझ्यासारखा, उगाच मागे फिरणारा." भिंग तर उजवीकडे ठरतच नाही.

मला वाटलं, आता दुकान बंद होणार. मी मनातल्या मनात सांत्वनाची वाक्यं जुळवली, दोनेक सुभाषितंही घासूनपुसून ठेवली. मी दुकानात पोचलो, तर ही उजव्या डोळ्यावर कापडाची पट्टी बांधून, डाव्या डोळ्यात भिंग धरून बसलेली.

आमच्यात एक काकाक्षिगोलकन्याय आहे. कावळ्याला म्हणे बुबुळ एकच, ते गरजेप्रमाणे या खोबणीतून त्या खोबणीत जातं. लहानपणी मला वाटायचं, ही पंडितांनी रिकामपणी काढलेली कल्पना. आता समोर बसून पाहतो आहे, आणि ते जाणं किती कष्टाचं असतं ते कळतं. डाव्या भुवईला कधी काही धरायची सवय नाही. भिंग चहात पडतं. वरणात नाही पडलं, कारण जेवताना ती वाटी दूर ठेवते. पण भिंग काढत नाही. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना, माझ्याशी भांडताना डाव्या डोळ्यात भिंग. भांडताना जास्त वेळ टिकतं असं तिचं निरीक्षण आहे, म्हणून हल्ली ती सरावासाठी माझ्याशी भांडते.

भिंग टिकायला लागलं, तर नवीनच अडचण. हात उजवा, डोळा डावा. तिचाच हात तिच्या कामाच्या आड येतो, दिव्याची सावली नेमकी स्क्रूवर पडते. ती मान वाकडी करते, दुखते, सरळ करते, पुन्हा काही दिसत नाही. काल एक स्क्रू बसवायला सबंध संध्याकाळ गेली आणि बसला नाही. तिने चिमटा ठेवला. किल्लीवाल्याचं यंत्र शेजारी किरकिरत होतं, तेवढाच आवाज.

मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पोरगी अशीच बसायची."

मी वहीतून मान वर केली नाही. शिकारी आणि मामा, दोघांनाही काही वेळा श्वास धरावा लागतो.

"उजव्या डोळ्याला तिचा नंबर मोठा. डाव्याने बघायची, उजव्याने काम करायची. स्टूल कुठेतरी तिरकं, दिवा भलतीकडे. मी सारखी ओरडायचे, सरळ बस, सरळ बस. आणि काम तर स्वच्छ व्हायचं तिचं." जरा थांबून, "कसं करायची कोण जाणे. मी बघितलंच नाही. बसते कशी एवढंच बघितलं."

"विचार ना तिला," मी वहीला म्हणालो.

"फोन करून एकदम दिवा कुठे ठेवायचीस असं विचारू?"

"का, दिव्याबद्दल विचारायला मुहूर्त लागतो?"

"ती विचारेल, कशाला हवंय."

"विचारेल."

ती गप्प बसली. मीही बसलो. आमच्या घरात गप्प बसण्याची मोठी परंपरा आहे, पण कालचं गप्प बसणं वेगळं होतं. एवढंच कळवतो. फोन जवळ ठेव.

मामा


१४ एप्रिल

चि. भाचीबाई,

फोनच्या त्या टोकाला तू होतीस, तेव्हा काय बोलणं झालं हे मी तुला सांगणं म्हणजे गंगेला पाणी विकणं. पण या टोकाला काय घडलं ते तुला दिसलेलं नाही.

तिने आधी हात धुतले. मग टेबल पुसलं. मग किल्लीवाल्याला म्हणाली, "जरा तुझं ते यंत्र बंद ठेव." मला बाहेर जा म्हणाली नाही, म्हणून मी बसून राहिलो आणि अत्यंत मन लावून एका विद्यार्थ्याचं हस्ताक्षर पाहू लागलो. तिने नंबर फिरवला, तू उचललास, आणि तिने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "तू काम करताना दिवा कुठे ठेवायचीस?"

त्यानंतर ती बराच वेळ ऐकत होती. तू नक्कीच तो प्रश्न विचारला असशील. तिचा हात टेबलावर होता, तो मी पाहिला. तिने एक चिमटा उचलला, दुसऱ्याशेजारी नीट ओळीत ठेवला, मग तिसरा. ओळ पूर्ण झाली. आता लावायला काही उरलं नव्हतं.

"उजवा डोळा कामातून गेला," ती म्हणाली. "छातीतलाच आजार आहे, डोळ्यामागे आलाय. परत आला म्हणून सांगतेय."

मग तिने सगळं सांगितलं. भिंग पडण्यापासून. डॉक्टरांशी खोटं बोलले तेही सांगितलं. पेशी रांगेत कशा चालतात, गोळ्या कुठल्या, आजार जाणार नाही, किती वर्षं ते ठाऊक नाही. एकही गोष्ट मागेपुढे झाली नाही, एकही सुटली नाही. तुझ्या बाजूने काय चाललं होतं ते मला ऐकू येत नव्हतं. तिचा आवाज मात्र शेवटपर्यंत सारखा होता. फक्त डाव्या डोळ्यातलं भिंग आतून धुकट झालं होतं, आणि ते काढून पुसायचं तिला सुचलं नाही.

ती म्हणाली, "रड. मी आहे फोनवर." आणि खरंच नुसती बसून राहिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, त्याला तिने बोटाने थांब म्हटलं, आणि ते थांबलं.

पुढचं तुला ऐकू गेलं असेल, पण दिसलं नसेल. तू सांगत होतीस आणि फोन टेबलावर आडवा ठेवून ती करत होती. "काम नाकासमोर नको? मग? डाव्या खांद्यासमोर. बरं. मान? मान नाही वळवायची? स्टूल वळवायचं." ती उठली, स्टूल तिरकं केलं, बसली. "दिवा समोरून? उंच? अगं आणखी किती उंच." मी खुर्चीवर चढून दिवा वर बांधला, या कार्यात माझाही खारीचा वाटा आहे हे कुठेतरी नमूद व्हावं. तिने कोपर टेकवलं आणि स्क्रू उचलला.

बसला.

तिने जन्मभर जिला सरळ बस म्हणून दटावलं, तिच्या सांगण्यावरून ती वाकडी बसली. आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही, उलट नवीन हत्यार मिळाल्यासारखा चेहरा झाला होता. माणूस साठीनंतर असा वळू शकतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी आधार मागितला असता.

शेवटी ती तुला म्हणाली, "ये. पण माझ्या स्टुलावर बसायचं नाही." तुझं उत्तर काय ते कळलं नाही, पण तिने आज दुसरं स्टूल आणलं आहे. तेही तिरकंच मांडलंय.

मामा


२ जुलै

चि. भाचीबाई,

तू गेल्यापासून दुकान मोकळं वाटतं. तुम्ही दोघी शेजारी शेजारी एकाच कोनात तिरक्या बसलेल्या पाहून गिऱ्हाइकं आपोआप मान वाकडी करून बोलायची. आता पुन्हा एकच तिरकी उरली आहे. काम भरपूर आहे, हात पूर्वीइतका जलद नाही, पण स्वच्छ आहे. संध्याकाळी तिचा तुला फोन असतो. मी मुद्दाम वह्या घेऊन लांब बसतो, आणि तुम्ही मुद्दाम हळू बोलता, म्हणजे माझी सभ्यता वाया जाते.

आज मात्र मी तक्रार करायला लिहितो आहे.

परवा तुझा मला फोन आला. तू म्हणालीस, "मामा, आईच्या हनुवटीचं कळलं ना?" मी म्हणालो, "कसली हनुवटी?" मग तू सांगितलंस. ताई कामाच्या टेबलाच्या पत्र्यावर हनुवटी टेकवून चाकाचं डोलणं डोळ्याच्या रेषेत बघते, तसं बघत होती, आणि पत्रा गार लागला नाही. बोटाने चाचपलं तर खालचा ओठ आणि हनुवटी उजवीकडून बधिर. तिने तिथल्या तिथे तुला फोन केला, तू डॉक्टरांना कळवायला सांगितलंस, तिने कळवलं. जबड्यातल्या नसेपाशी तो पोचला असावा, जबड्याचा फोटो काढून पाहू, गोळ्या बदलाव्या लागतील, असं ते म्हणाले.

हे सगळं घडलं तेव्हा मी त्याच दुकानात, त्याच संध्याकाळी, हाताच्या अंतरावर बसून एका मुलाचे विभक्तिप्रत्यय दुरुस्त करत होतो. तुझ्याकडून मला कळलं. दूरच्या गावातल्या भाचीकडून.

मी ताईला जाब विचारला. म्हणालो, "मी शेजारी बसलेलो. मला सांगितलं नाहीस?"

तिने भिंग काढलंसुद्धा नाही. "तुला काय सांगायचं? तू पत्र लिहीत बसला असतास. तिला सांगितलं."

भाचीबाई, मी रागावलो आहे असं समज. मी खरोखर प्रयत्न केला रागवायचा. वह्या आवरल्या, चप्पल घातली, किल्लीवाल्यापर्यंत जाऊन आलो. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "आमच्या ताईने आजारपण लपवलं नाही." त्याला ते काही समजलं नाही, पण त्याने मला चहा दिला. मी तो उभ्याउभ्याच प्यायलो, कारण बसलो असतो तर त्याच्यासमोर डोळे पुसावे लागले असते.

भीती वाटते, हे लपवत नाही. त्या आजाराला आडवाटा फार. पण तो जिथे जिथे गेला तिथे ही बाई त्याच्या आधी जाऊन पोचली आहे, कधी भिंगाने तर कधी टेबलाच्या गार पत्र्याने, आणि आता तर आवाजही देते. असली माणसं माझ्या पोथ्यांत मी पुष्कळ वाचली. शेजारी बसलेली ही पहिलीच.

म्हणून हे पत्र. जबड्याचा फोटो कुठल्या दिवशी काढायचा आहे, सोबत कोणी जायचं, आणि जाण्याआधी काही खायचं की नाही, ते कृपा करून मला उलट टपाली कळव. इथे मला कोणी काही सांगत नाही.

मामा